व्हर्जन पाहिलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आता सांगतोय म्हणून लगेच चेहरा मऊ करू नका. मला सहानुभूती नकोय.

दोन हजार चारची गोष्ट. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही गोदामातल्या यंत्रांसाठी लिनक्स सोर्सपासून बनवत होतो. म्हणजे सगळा कोड आपणच कंपाइल करायचा, यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायचा. त्याआधी एक साधं काम — हे रूपांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे मशीनवरचा कंपायलर, हव्या त्या व्हर्जनचा आहे ना, एवढं बघायचं. एक कमांड, एका ओळीचं उत्तर. ते काम माझं होतं.

सुजाता नागपूरची. यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला ते यंत्र चालवू देणारा कोड, तिने लिहिला होता. माझ्याकडे गाडी नव्हती तेव्हा दर शनिवारी मला ग्रोसरीला तीच न्यायची. बिल्ड, म्हणजे ते सगळं कंपाइल करणं, सुरू करताना तिने विचारलं, "मंदार, कंपायलर चेक केलास ना?"

"केलं यार! आता तू मला शिकवणार?"

केलं नव्हतं.

बिल्ड बिनतक्रार झाला. कस्टमरसमोर मात्र यंत्र चालता चालता गोठलं. रीस्टार्ट केलं — पुन्हा गोठलं. जागेवर परतलो आणि आधी ती कमांड दिली. व्हर्जन चुकीचं! योग्य कंपायलर टाकून पुन्हा बिल्ड केला, यंत्र सुरळीत चाललं. इथवरही काय बिघडलं होतं? 'माझं चुकलं' म्हणायचं, संपलं. पण कुणासमोर? जिने विचारलं होतं, तिच्यासमोर?

मी तिच्या ड्रायव्हरमधल्या काही ओळी उगाच बदलल्या आणि मीटिंगमध्ये म्हणालो, "बग सुजाताच्या कोडमध्ये होता. मी फिक्स केला."

ती आपलाच कोड पुन्हा पुन्हा वाचत राहिली. महिनाअखेरीस तिला काढलं. नोकरीबरोबर व्हिसाही गेला.

तुम्ही म्हणाल, व्हिसाची भीती तुलाही असणार. नव्हती! माझं ग्रीन कार्ड आलं होतं. तरुण होतास? तिच्यापेक्षा मोठा होतो. मला फक्त तिचं ते विचारणं झोंबलं होतं — बस्स, एवढंच. याहून मोठं कारण शोधू नका, नाहीये.

एअरपोर्टवर तिला मीच सोडलं. उतरताना ती म्हणाली, "माझ्यामुळे तुला सगळं पुन्हा करावं लागलं रे. सॉरी."

त्या क्षणी तरी बोलता आलं असतं — नाही?

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." आणि डिकीतून तिची बॅग काढून दिली.

नागपूरला गेल्यावर तिने पुन्हा कोड लिहिला नाही. "मला ते जमत नाही," असं सांगते म्हणे. मी त्याच वर्षी टीम लीड झालो. ते पद मी आनंदाने घेतलं.