खुडूक कोंबडीची बाजू घेणारे सर

दिगंबर सरांची आणि माझी ओळख झाली ती एका फोडलेल्या अंड्यापाशी. पुण्यातल्या कृषी महाविद्यालयात मी नवी विद्यार्थिनी होते. सरांनी गावठी कोंबडीचं अंडं काचेवर फोडलं आणि बलकाभोवतीच्या पांढऱ्याची उंची मोजायला सांगितली; पांढरं जितकं उंच, तितकं अंडं ताजं. मी तीनदा चुकले. सर म्हणाले, "अहो, अंडं ताजं आहे. आपणच जरा शिळ्या दिसता. चहा पिऊन या."

देशी कोंबड्यांची अंडी आणि पैदास यांवर सरांनी उभं आयुष्य घालवलं. आम्ही सगळे अंड्यांच्या संख्येमागे लागलेले. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसली, की आमच्या लेखी ती वाया गेली. सर एकटेच तिची बाजू घेत. "वस्तीवरच्या बाईकडे उबवणी यंत्र आहे का? तिची कोंबडी बसली नाही तर पिल्लं काय आपण काढून देणार?" लोक हसायचे. सर चष्मा पुसत बसायचे.

पहिल्या दिवाळीला मी वसतिगृहात एकटीच उरले होते. सर स्वतः डबा घेऊन आले. "काकूंनी चकल्या दिल्यात. बिनअंड्याच्या आहेत, मोजमापं घेऊ नका."

निवृत्तीनंतरही सर रोज सकाळी विभागात जपलेल्या आपल्या देशी कोंबड्यांच्या कळपाकडे येत. आणि गेल्या वर्षी विभागप्रमुख म्हणून मी काय केलं? अंडी कमी म्हणून तोच कळप मोडीत काढण्याच्या कागदावर सही केली. गौरवग्रंथात असलं लिहायचं नसतं, ठाऊक आहे. पण हे गाळलं तर बाकीचं सगळं खोटं पडेल. सर एवढंच म्हणाले, "एक मी घरी नेऊ का?"

काकू गेल्या, मुलगी परदेशी. कात्रजच्या तळमजल्यावरच्या घरात आता सर आणि ती कोंबडी. पंचाहत्तरीच्या सोहळ्याचं आमंत्रण द्यायला मी गेले, तेव्हा ती टोपलीत अंड्यांवर बसली होती. कोंबडा तर नाही, मग पिल्लं निघतील अशी अंडी कुठली, मी विचारलं.

"घाटापलीकडच्या एका बाईंची. मागे त्यांना आपल्या कळपातली पिल्लं दिली होती. म्हणाल्या, 'सर, तुमची जात हाय अजून. बसती बी चांगली.'"

मला मान वर करवेना.

सरांनी बोटांवर दिवस मोजले. "सोहळ्याच्या दिवशी हिचा एकविसावा. पिल्लं निघतील. मला काही येता यायचं नाही. शाल पाठवून द्या, टोपलीखाली घालीन." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "पिल्लं निघताना शेजारी कुणी असलं की बरं वाटतं हो." ती एक कोंबडी सोडली, तर इतक्या वर्षांत सरांनी स्वतःसाठी मागितलेलं मी ऐकलं ते एवढंच.

तेव्हा मंडळी, सोहळ्यात या ग्रंथाचं प्रकाशन होईल त्या वेळी सर सभागृहात नसतील, आणि मीही नसेन. कात्रजला टोपलीशेजारी बसलेली असेन.

सर, त्यातली थोडी पिल्लं विभागाला द्याल? मागायला मला तोंड नाही, तरी मागते. आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. कळप पुन्हा उभा करायचाय, आणि मी अजून मोजायला चुकते.