चौथा कोपरा

चहाचा कप हातात आला की ती आधी तो खिडकीच्या उजेडात धरायची. कुणी 'साधारण' म्हटलं की तिची भुवई वर जायची. कुठलाही फोटो ती कोपऱ्यांपासून पाहायची. भावाच्या लग्नाचे फोटो पाहून नव्या वहिनीला म्हणाली होती, "तुम्ही दोघं छान आलात, पण कडेचे पाहुणे काळवंडलेत. दोष लेन्सचा हं, पाहुण्यांचा नाही."

ऑफिसात तिला सगळे वजनकाटा म्हणत, अगदी तोंडावर. शेजारच्या टेबलावर अहवालांची भाषा सुधारणाऱ्या मित्राला ती कवी म्हणायची. साहित्याची पदवी सोडली, तर त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता.

त्यांच्या वेधशाळेच्या दुर्बिणीला आकाशाचा मोठा तुकडा एका दमात टिपणारा कॅमेरा होता. ताऱ्यांचं तेज मोजताना तो कुठे किती चुकतो, हे शोधणं तिचं काम. त्यासाठी सगळे घुमटातल्या पांढऱ्या पडद्याचा फोटो घेत आणि त्याचा उजेड फोटोत सगळीकडे सारखा पडतो असं धरून चालत. ती चालली नाही. पडद्याचा थोडा उजेड भिंगांतच उसळ्या मारून फोटोच्या मध्यावर पडत होता. त्यामुळे कॅमेरा मध्यावर जास्त उजेड पकडतो असा समज होई, म्हणून हिशेबात मधले तारे फिके ठरत आणि कोपऱ्यातले फुकट भाव खाऊन जात.

तिने दुर्बीण सरकवून तेच तारे आधी मध्यावर, मग कोपऱ्यात आणून मोजले.

"तारा तोच," ती कवीला म्हणाली. "मग फरक कुणाचा? आपला!"

तीन कोपरे झाले. चौथ्यासाठी दुर्बीण मिळायची होती, आणि विभागप्रमुखांना ताऱ्यांची सूची जाहीर करायची घाई.

"तिन्हींवरून चौथा धर ना," ते म्हणाले.

"तिन्ही कोपरे वेगवेगळे निघालेत, साहेब. कुठल्यावरून धरू?"

"अगं, तारे तक्रार करायला येणार आहेत का?"

"तारे नाही येणार. मी आहे ना इथे!"

कवी गालातल्या गालात हसला. साहेब तणतणत गेले.

सोमवारी ती आली नाही. भावाचा फोन आला: झोपेतच गेली. कवी एवढंच म्हणाला, "पण अजून एक कोपरा राहिलाय."

आठवडाभराने साहेब त्याच्या टेबलाशी आले. आवाज मऊ होता. "'चारही कोपरे तपासले आहेत', एवढं वाक्य घाल. सूची तिलाच अर्पण करू."

"नाही घालणार."

"तुझं काम भाषेचं आहे रे."

"म्हणूनच. वाक्य खोटं आहे."

"आणि नाही घातलं तर?"

"चौथा कोपरा तपासलेला नाही, त्यातले तारे सूचीत घेतलेले नाहीत, असं लिहीन."

"सूचीत भोक दिसेल!"

"दिसू दे."

कवीने साहेबांच्या समोरच आपलं वाक्य टाइप केलं. शेवटी तेच वाक्य छापलं गेलं.

तिचा कॉम्प्युटर अजून कुणी आवरलेला नाही. त्यावरच्या फोटोत चौथ्या कोपऱ्यात आणायच्या ताऱ्यांभोवती तिने पिवळे गोल काढून ठेवलेत. दुर्बीण तेवढी त्यांच्याकडे वळवायची राहिली.