बटाट्या का थांबला: पेण-रोह्याचा एक दिवस

शर्यतीतल्या अपघाताचा व्हिडिओ पाहून तीन आठवडे टाळाटाळ केली. मग एका मंगळवारी सकाळी पनवेलहून पेणची एसटी पकडली.

पनवेलजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत मी मुलांना शिकवते. आमच्याकडे दरवर्षी जिमखाना असतो. तुम्हाला कॅरम आणि कबड्डी आठवली असेल, पण घोडेवाल्यांच्या इंग्रजीत जिमखाना म्हणजे मुलांच्या घोड्यावरच्या खेळांची स्पर्धा. खांबांमधून नागमोडी दौड, चमच्यात बटाटा घेऊन शर्यत, असलं सगळं. शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला आणि हा अर्थ घेऊन परत आला. या खेळांत तरबेज असलेल्या एका बुटक्या तपकिरी घोड्याचं नाव मुलांनी बटाट्या ठेवलं होतं. शाळेने तो गेल्या वर्षी पेणजवळच्या जोहे गावातल्या अनंतदादांना विकला. ताबा मीच दिला. काय खातो, कशाला बुजतो, सगळं सांगितलं.

एक गोष्ट सांगितली नाही.

जोह्याला जायचं तर पेणपर्यंत जाऊ नका, हमरापूर फाट्यावर उतरा. शेअर रिक्षा मिळते, फक्त ती भरेपर्यंत बसायची तयारी हवी. महामार्गाने पाठीचे मणके मोजून घेतले होते, त्यामुळे मला थांबणं चाललं. गावात शिरताच दोन्ही बाजूंना गणपतीच मांडलेले, अजून रंग न लागलेले, पांढरेफटक. फोटो काढायला लोक येतात इथे. मला काढावासा वाटला नाही.

अनंतदादा कारखान्यात मूर्तीला पॉलिश पेपर मारत होते. घोड्याचं ऐकून हळहळायला आलेय असं त्यांना वाटलं. चहा मागवला, बरोबर पोह्याचे पापड आले.

"वादळ नाव ठेवलेलं त्याचं," ते म्हणाले. "चांगला पळायचा. आमच्या जयवंतानं घात केला."

जयवंत त्यांचा धाकटा भाऊ. भातकापणीनंतर रिकाम्या शेतात घोडागाड्यांची शर्यत झाली, त्यात गाडी तो हाकत होता. अर्ध्या वाटेत घोडा जागीच थांबला. मागची गाडी येऊन आदळली, यांची गाडी जयवंतच्या अंगावर उलटली. घोडा तिथेच मेला. जयवंतचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"भ्याला नि लगाम वढला," दादा म्हणाले. "लगाम वढल्याशिवाय घोडा थांबतो व्हय?"

थांबतो. मीच त्याला तसं शिकवलं होतं. जिमखान्यात मूल घोड्यावरून पडलं, की घोड्याने त्या क्षणी थांबायचं आणि मूल परत चढेपर्यंत हलायचं नाही. दोन वर्षं रोज घोटून घेतलेली गोष्ट. माझ्या लेखी तो गुण होता, म्हणून विकताना सांगायचं सुचलंच नाही. तो व्हिडिओ गावात सगळ्यांनी पाहिला होता, पण धुळीत काय शोधायचं ते मला ठाऊक होतं. चाक बांधाला लागतं, जयवंत पडतो, लगाम हातातून सुटून जमिनीवर लोळतो. घोडा थांबतो तो त्यानंतर.

हे सगळं दादांना सांगायलाच आले होते. पण सांगितलं नाही. चहा संपवला, "येते" म्हणाले आणि निघाले. भित्रेपणाच तो, दुसरं नाव देत नाही.

पेणहून रोह्याची गाडी पकडायची तर वेळ आधी बघून ठेवा, दिवसात मोजक्याच आहेत. मी दोन वडापाव घेऊन स्टेशनवर दोन तास काढले. वडे गरम होते, पण एक तसाच राहिला. पुढे डबा रिकामा, खिडकीबाहेर कापलेली शेतं. एरवी या भागात मला फार छान वाटलं असतं.

अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या पुलाने रोह्याला जोडलेली वस्ती. जयवंत तिथे बायकोच्या माहेरी राहतो. गावात राहवेना म्हणून आले, असं त्याची बायको सुलभा दारातच म्हणाली. तो खाटेवर बसला होता. वय तिशीचं.

"दादा बोलत नाय माज्याशी," तो म्हणाला. "बरोबरच हाय त्याचं. मला आठवत नाय, पण मीच वढला आसंल लगाम. घोडा गेला, पाय गेला."

यावेळी मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, व्हिडिओ सावकाश करून दाखवला. त्याने तो चार वेळा पाहिला.

"मंग थांबला कशाला तो?"

"तुम्ही उठून परत बसाल म्हणून."

तो तोंडावर उशी दाबून रडला. सुलभाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढे दिवस का नाय आलात गो बाय?"

तिथूनच दादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

परतीची एसटी खचाखच भरलेली, पनवेलपर्यंत उभीच होते. आता शाळेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या कागदावर मी पहिली ओळ लिहिते: स्वार पडला की थांबतो. बटाट्याच्या कामाची नाही ती ओळ, जयवंतच्याही नाही.

आठवड्याने दादांचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"ताई, तुमी खरं बोललात. व्हिडिओ परत बघितला मी. पण हितं गावात कुणाला सांगू नका. आख्ख्या गावाला मीच सांगितलंय, त्यानं वढला म्हणून. आता कुठल्या तोंडानं शब्द फिरवू?"

"आणि जयवंत?"

"तो हाय की तिकडं अष्टमीला. बरा हाय."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. या ब्लॉगवर लोक रस्ते आणि खाणावळी शोधत येतात. पेण-जोह्याचं नाव शोधत तिथलं कुणी आलंच, तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते: जयवंतने लगाम ओढला नव्हता.