अवंतिकाबाई आणि लाल उजेड

अवंतिका शिंत्रे एका जागी दहा मिनिटं बसली आहे, असं आमच्या कागलच्या शाळेत नऊ वर्षांत मी पाहिलेलं नाही. स्टाफरूममध्ये डबा खातानाही बाई उभ्याच. एक घास खिडकीपाशी, दुसरा कपाटापाशी. मी मराठी शिकवते, ती विज्ञान. कोल्हापुरातून एकाच एसटीनं आम्ही जातो-येतो, त्यामुळे ही चुळबुळ रोज माझ्या शेजारच्या सीटवर असते. मला तिचा वैताग येतो आणि ती रजेवर असली की करमतही नाही.

वर्गात मात्र तिचा दरारा. दहावीचा प्रजननाचा धडा आमच्याकडे पूर्वी ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जायचा. ही फळ्यावर हातभर आकृती काढते आणि मुलामुलींसमोर खणखणीत आवाजात ‘गर्भाशयमुख’ म्हणते. तेवढ्या एका शब्दावर तिचा अर्धा तास जातो. हे गर्भपिशवीचं तोंड एरवी घट्ट, चिकट स्रावानं बंद असतं. बीज सुटायच्या सुमारास तोच स्राव पातळ, पारदर्शक होतो, शुक्रपेशींना आत वाट देतो. आणि दिवस राहिले की नऊ महिने हेच दार लावून धरतं. तिच्यापुढे खिदळायची कुणाची टाप नसते.

अशा बाईला लग्नानंतर सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि ते तिला जिवापाड हवं होतं. नवरा सौमित्र बँकेत, स्वभावानं मऊ. त्याची तपासणी झाली, ठीक निघाली. हिचं रक्त, सोनोग्राफी, सगळं ठीक. पुढची तपासणी होती ती पिशवीच्या तोंडातून औषध सोडून बीजनळ्यांचा एक्स-रे काढायची. ती मात्र बाई दोन वर्षं टाळत होत्या. कधी पेपर तपासायचे असत, कधी निवडणुकीची ड्यूटी येई.

लाल उजेडाची बातमी मीच आणली, हे कबूल करते. माझ्या गुडघ्यासाठी मी कळंब्याला सुष्मिता नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे जात होते. तिनं लाल उजेडाचं नवं मशीन घेतलं होतं. दिवस राहायला मदत होते म्हणून काही बायका पोटावर तो उजेड घ्यायला येत. सुष्मिता पोरगी सरळ. मी अवंतिकाला घेऊन गेले, तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, की या उजेडानं पेशींना बळ येतं असं म्हणतात, पण अभ्यास थोड्याच बायकांवर झालेत आणि खात्री कुणी देत नाही. मला वाटलं, विज्ञानाच्या बाई आता हिची उलटतपासणी घेणार. अवंतिकानं एकही प्रश्न विचारला नाही. मुकाट्यानं बारा सिटिंगचं कार्ड करून घेतलं.

डोळ्यांवर गॉगल, पोटावर लाल उजेड आणि पावलं सारखी नाचतायत, अशी ती वीस मिनिटं पडून राहायची. दर पाच मिनिटांनी विचारायची, झालं काय. पाचव्या सिटिंगला सुष्मितानं मशीनच लावलं नाही. आधी नळ्यांचा रिपोर्ट आणा, म्हणाली. पोटावरून हा उजेड आत कुठवर पोचतो हे तिला ठामपणे सांगता येत नव्हतं, आणि आत काही अडचण असली तर नुसते दिवे लावून तिला वेळ घालवायचा नव्हता. अवंतिकानं गॉगल काढला आणि माझी वाट न बघता बाहेर पडली.

कळंब्याच्या तलावाच्या कडेनं ती इतकी भरभर चालली, की माझ्या गुडघ्याचं वाटोळं झालं. मग एकदम थांबून तिनं सांगून टाकलं. एकविसाव्या वर्षी तिला अंगावरून पांढरं जायचं. माहेरच्या डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला जखम आहे म्हणून ते शेकलं, म्हणजे विजेनं जाळलं, एकदा नव्हे, दोनदा. आईनं बजावलं, हे सासरी कधी बोलायचं नाही, लोक भलताच अर्थ काढतात.

“पोरांना फळ्यावर जे सांगतो ना, क्रांतीताई, ते पातळ पाणी मला त्यानंतर कधी दिसलंच न्हाय,” ती म्हणाली.

मग डॉक्टरांना का नाही सांगितलं, असं मी तिच्यावर ओरडले. सांगणार कधी? पहिल्या भेटीला सासूबाई, नंदिनीताई, बरोबर होत्या. आमच्याकडे दवाखान्यात माणूस एकटं जातच नाही. पूर्वी काही उपचार झालेत का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि नंदिनीताईंनी कौतुकानं सांगून टाकलं, की आमच्या सुनेला कधी साधा तापही आलेला नाही. ते कागदावर गेलं. नवा डॉक्टर आला की पुन्हा तेच उत्तर. नळ्यांच्या तपासणीत ते तोंडच आधी बघणार, म्हणून ती तपासणी नको. उजेड बाहेरून पडतो, काही विचारत नाही, म्हणून तो बरा. मला तिची कीव आली आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

आम्ही बेत केला. तपासणीच्या दिवशी मी बरोबर जायचं आणि नंदिनीताईंना चहाला बाहेर काढायचं, म्हणजे अवंतिकाला डॉक्टरांशी एकटीनं बोलता येईल.

नंदिनीताई चहाला हलल्या नाहीत. मांडीवर फाइल घेऊन डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसल्या. डॉक्टर बाईंनी तोच प्रश्न विचारला आणि नंदिनीताईंनी तेच उत्तर दिलं. अवंतिकाचा पाय टेबलाखाली थडथडत होता. माझी अशी तारांबळ उडाली, की मीच म्हणाले, “व्हय, तसं कायच न्हाय.” कालपर्यंत तिला खरं बोल म्हणून झापणारी मी.

अवंतिकाचा पाय थांबला.

“क्रांतीताई, गप्प बसा. आई, मला बोलू द्या.”

आणि ती बोलली. वर्ष, महिना, दोन्ही वेळचं शेकणं, सगळं. डॉक्टर लिहीत गेल्या. व्रणानं तोंड आकसलं असेल, स्राव करणाऱ्या ग्रंथी गेल्या असतील, बघावं लागेल, असं म्हणाल्या. तसं निघालं तर बारीक नळीनं शुक्रपेशी थेट पिशवीत सोडता येतात. भरवसा मात्र त्यांनी दिला नाही.

“इतकी वर्षं मी डॉक्टरांना खोटं सांगतोय आणि तू बसून ऐकतीयास?” नंदिनीताई सुनेकडे वळून म्हणाल्या. “मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही मला कधी विचारलंच न्हाय, आई.”

नंदिनीताई फाइल टेबलावर ठेवून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. बाकावर बसून त्यांनी मला एवढंच विचारलं, की तुला माहीत होतं काय. मी हो म्हणाले. मला माझीच लाज वाटत होती.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. अवंतिका शिंत्रेंचं माणूस कोण, त्यांनी विचारलं. नंदिनीताई उठल्या. औषधाची ॲलर्जी, आधीचं काही दुखणं आहे का, असं विचारत सिस्टरनी पेन सरसावलं. नंदिनीताईंचं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं.

“ती आत हाय,” त्या म्हणाल्या. “तिलाच विचारा.”