किल्ल्यावरून मासे बघणारा

क्लॉडियस मेलव्हिल पाहुण्यांना किल्ला दाखवतो, पण तो त्याचा जोडधंदा. टोबॅगोच्या त्या किनाऱ्यावर त्याची खरी ओळख रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, टेहळ्या अशी. टेकडीच्या टोकाला दोन गंजलेल्या तोफा आणि पडकं दारूकोठार. तिथून अख्खी पुळण नजरेत येते. माशांचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्यावर काळसर डाग सरकतो. मग क्लॉडियसने लाल फडकं हलवायचं, तो दाखवील तिकडे होडीने जाळं सोडत जायचं, शंख वाजला की गावाने दोराला लागायचं. दोराला हात लावील त्याला मासे मिळतात, मग तो कोणी का असेना. टेहळ्याचा वाटा वेगळा आणि मोठा. बापाच्या मागे ते फडकं क्लॉडियसकडे आलं होतं.

गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांवर साय धरायला लागली. त्याने ते कोणाला सांगितलं नाही. पाण्यावरचा डाग दिसेनासा झाला तेव्हा त्याने पेलिकनांवर भिस्त ठेवली. ते धिप्पाड पक्षी जिथे धपाधप कोसळतात तिथे मासे असतात, आणि त्यांचं कोसळणं त्याला अजून दिसत होतं. तेवढ्यावर त्याने वेळ मारून नेली. फडकं गेलं असतं तर मोठा वाटा गेला असताच, शिवाय टेकडीवर नुसता तोफा दाखवणारा म्हातारा उरला असता.

मार्चमधल्या एका सकाळी एक पाहुणं जोडपं त्याच्याबरोबर वर होतं. बाईने बोट दाखवलं. "ते काळं काय सरकतंय? मासे का?"

क्लॉडियसलाही काहीतरी गडद जाणवलं. वर एकही पेलिकन नव्हता, हेही त्याच्या लक्षात आलं. पण पाहुणीला दिसलं ते टेहळ्याला दिसलं नाही, असं खाली कळलं तर? त्याने फडकं हलवलं.

शंख वाजला. दुकानदार गल्ला सोडून आला, चर्चमधल्या बायका आल्या. जाळं जड लागलं तशी सगळ्यांना हुरूप आला. ओढून काढलं तर आत नुसतं तपकिरी समुद्री शेवाळ, कुजक्या वासाचं. जाळं दोन ठिकाणी फाटलं होतं.

"क्लॉडीकाका," होडीवरचा वेंडेल ओरडला, "कॅललूच्या भाजीला पाला पुष्कळ झाला! आता त्यात घालायला खेकडे कधी पाठवता?"

लोक हसले. जाळ्याची मालकीण एल्माबाई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती दुखरे गुडघे सांभाळत टेकडी चढली आणि तोफेवर टेकली.

"पाहुण्यांना काय सांगतोस रे इथे?"

"इंग्रजांनी बांधला, फ्रेंचांनी घेतला, परत इंग्रजांनी घेतला."

"बरं. खाली होडीत कोण बसलंय?"

त्याने डोळे बारीक केले. "वेंडेल. दुसरा कोण असणार?"

"मी तुमच्या मागे उभा आहे, काका," वेंडेल हळूच म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.



"मला आधी सांगायचंस," एल्माबाई म्हणाली. "गावभर हसं झालं तुझं."

"सांगितलं असतं तर फडकं घेतलं असतंस."

"घेतलं असतं. आताही घेणारच आहे."

फडकं वेंडेलच्या बायकोकडे, जोझेटकडे गेलं. ती पुळणीवर नारळपाक विकायची. लांबचं तिला चांगलं दिसतं.

पुढच्या आठवड्यात क्लॉडियस पाहुण्यांना तोफांची कहाणी सांगत होता. शेजारी उभी जोझेट एकदम ताठ झाली. "काका, सरका जरा," असं म्हणून तिने फडकं उंचावलं. तो सरकला. डोक्यावर पेलिकन आहेत का, हे बघायला त्याची मान आपोआप वर गेली. खाली शंख वाजला.

"हिने कोणत्या फ्रेंचांना खूण केली?" एका पाहुण्याने विचारलं.

"चला, दाखवतो," क्लॉडियस म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन पायवाटेने उतरला. टेहळ्या असताना शंख वाजल्यावर तो कधी खाली आला नव्हता. दोराच्या पार शेवटी, पाहुण्यांच्याही मागे, त्याने हात घातला. तळव्यांची सालपटं निघाली.

जाळ्यात जॅक मासे होते, चांगले चमचमणारे. एल्माबाई रांगेने वाटत आली. पाहुणीच्या पिशवीत तिने जेवढे टाकले तेवढेच क्लॉडियसच्या बादलीत टाकले. त्याने बादलीत वाकून पाहिलं.

"काय बघतोस? तेवढेच आहेत," एल्माबाई म्हणाली.

"मासेच आहेत ना, ते बघतोय," तो म्हणाला.

एल्माबाईला तेव्हा हसू आलं.