संबंधित व्यक्ती

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांइतका कागदावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये शोधून सापडायचा नाही. उभा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेला, त्यामुळे पोच घेतल्याशिवाय ते सत्यनारायणाचा प्रसादही देत नसत. आमच्या हिने एकदा त्यांच्याकडून विरजण आणलं, तर वहीत सही करूनच सुटका झाली. लग्न केलं नाही. आपण दत्तक आहोत हे त्यांना आईवडिलांनीच सांगितलेलं, आणि त्या दोघांचं त्यांनी शेवटपर्यंत मनापासून केलं. दोघं गेल्यावर मात्र त्यांनी दत्तकाच्या सरकारी कचेरीत अर्ज टाकला: जन्म देणारीचं नाव कळावं. जन्माच्या दाखल्यावर दत्तक आईचंच नाव, मूळ नोंद कचेरीच्या कपाटात.

अठराच्या आतल्या मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते. कारकुनाने हा नियम बासष्ट वर्षांच्या काकांना लावला. मी भडकलो. काकांनी शांतपणे आईवडिलांचे मृत्यूचे दाखले तीन-तीन प्रतींत जोडले आणि पोच घेतली. मग कळलं, बाळ देताना बाईने 'नाव सांगू नये' असं लिहून दिलंय, तेव्हा तिची संमती हवी. ती विचारायला कचेरीने दोन वर्षं घालवली. तोवर डॉक्टरांनी घराण्यात कुणाला साखर आहे का विचारलं, की काका सांगायचे, "अर्ज केलाय."

शेवटी पत्र आलं. संबंधित व्यक्ती दोन महिन्यांपूर्वी मयत झाली, सबब संमती घेता येत नाही, सबब नाव देता येत नाही. दोन वर्षं झोपा काढल्या मेल्यांनी! मी शिव्या घालत बसलो, तोवर काका गार पाण्याने आंघोळ करून आले. त्यांनी सुतक धरलं.

पत्रापासून मोजून दहाव्या दिवशी बदलापूरला नदीवर गेलो, आम्ही दोघंच. गुरुजींनी गेलेल्या बाईंचं नाव विचारलं. काकांनी खिशातलं पत्र काढून वाचलं, "संबंधित व्यक्ती." गुरुजी थबकले, मग नुसतं 'आई' म्हणून त्यांनी पुढचं उरकलं.

पिंड ठेवला. झाडावर दहा कावळे, पण एक खाली येईना. काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या, असं गुरुजी म्हणाले. आता हिची इच्छा कुणाला कप्पाळ ठाऊक! काकांनी हात जोडले. मग हळूच म्हणाले, "आई, अर्ज मागे घेतो."

कावळा उतरला.

त्या कचेरीवरून जाताना माझं डोकं अजून फिरतं. काका हल्ली विरजण नुसतंच देतात. वाटी हातात घेऊन मी उगाच दारात रेंगाळतो, वही काही ते काढत नाहीत.