तिसरं कडवं

ब्लेसी साळवेचा राग दौंडच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या परिचयाचा होता. पोरं तिच्या दारासमोर क्रिकेट मांडत नसत आणि दूधवाला पाणी घातलेलं दूध शेजारच्या घरात खपवायचा. आई म्हणायची, पोरीनं नाक बापाचं घेतलं आणि त्याच्या शेंड्यावर राग आजीचा. पण हा राग उगाच नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक तिला भांडखोर म्हणून मोकळे होतील, आणि लोकांना मोकळं व्हायला फार आवडतं.

ब्लेसी एकतीस वर्षांची. बी.एस्सी. केमिस्ट्री. कुरकुंभच्या एमआयडीसीत गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये तिची सहा वर्षं गेली होती. त्या कंपनीत एक कोल्ड रूम आहे. तिथलं तापमान दर दोन तासांनी बघून रजिस्टरात लिहायचं असतं. एकदा दुसऱ्या पाळीतल्या माणसानं ते दोनदा बघितलंच नाही आणि दोन रकाने कोरे राहिले. दुसऱ्या दिवशी तपासणीची माणसं येणार होती. लॅबचे इनचार्ज जॉन्सन साहेब यांनी ते रजिस्टर ब्लेसीपुढे ठेवलं. तुझं अक्षर बरं आहे, म्हणाले, चार पॉइंट दोन, चार पॉइंट तीन, असं काहीतरी टाकून दे.

"साहेब, मी तिथं नव्हते," ब्लेसी म्हणाली. "बघितलं न्हाई ते कसं लिहू?"

साहेब हसले. रकाने दुसऱ्या कुणाच्या तरी सुंदर अक्षरात भरले गेले. आठवड्याच्या आत ब्लेसीची बदली पॅकिंगला झाली. सहा वर्षं रसायनं मोजलेल्या बाईला आता डब्यावरचं लेबल सरळ चिकटलंय की तिरपं, एवढंच बघायचं काम. तिच्या बरोबरीची सगळी माणसं हे बघत होती आणि सगळ्यांना त्या वेळेला नेमका चहा आठवत होता.

ब्लेसीनं त्याच महिन्यात ऑनलाइन एम.एस्सी.ला नाव घातलं. औषधांच्या गुणवत्तेतली दोन वर्षांची डिग्री, वर्ग लॅपटॉपवर आणि परीक्षाही लॅपटॉपवर. कारण साधं होतं. कंपनीत क्यूए ऑफिसर, म्हणजे गुणवत्ता अधिकारी, म्हणून एक जागा असते. त्या जागेवरच्या माणसाच्या सहीशिवाय एक गोळी गेटबाहेर जात नाही, आणि जॉन्सन साहेबांनाही रजिस्टर घेऊन त्याच्यापुढे उभं राहावं लागतं. त्या जागेवरचे जुने गृहस्थ दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये निवृत्त होणार होते. जागेसाठी मास्टर्स डिग्री लागत होती. ब्लेसीला ती सही हवी होती, बास.

मग दोन वर्षं ती कंपनीच्या बसमध्ये एका कानात वायर घालून शिकली. घरी नेटवर्क मिळायचं ते फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी, म्हणून उन्हातसुद्धा डोक्यावर ओढणी घेऊन तिथं बसली. तळेगाव ढमढेऱ्याला मामाच्या मुलीचं लग्न होतं, तर तिथं मांडवामागे बसून तिनं असाइनमेंट पाठवली आणि नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या. शिकली ते मात्र तिला आधीपासूनच पटलेलं निघालं. जे घडलं ते घडलं तेव्हाच लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही आणि तारीख. काही बिघडलं तर कोणाचं चुकलं ते नंतर. आधी का बिघडलं ते विचारायचं, मग त्याचं का, मग त्याचं का, असं पाच वेळा. पाचव्या वेळी खरं कारण सापडतं.

हे सगळं तिनं लपवून ठेवलं. कारण जॉन्सन साहेब तिच्याच चर्चचे. रविवारी दानाची थाळी तेच फिरवत. उपासनेत कुणाची परीक्षा असली की पाळक नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि नाव घेतलं की साहेबांना कळणार. कळलं की ऐन पेपरच्या रविवारी ब्लेसीला ड्यूटी लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यामुळे घरात एकटी आई जाणत होती.

शेवटचा पेपर जूनमधल्या एका रविवारी, अकरा ते एक. उपासना साडेनऊला. दोन वर्षांत ब्लेसीचा एकही रविवार चुकला नव्हता, तेव्हा कारण द्यायला हवं होतं. तिनं आईला सांगितलं, ताप आलाय म्हणून सांग.

"चर्चमधी जाऊन खोटं बोलू व्हय मी?" आई म्हणाली.

ब्लेसीनं तिच्याकडे असं बघितलं की आई बायबल घेऊन गुपचूप निघाली.

पेपरचे नियम कडक होते. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. पेपर चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. खोलीत दुसरा माणूस दिसला की स्क्रीनवर लाल इशारा. पाच मिनिटांत तो गेला नाही तर दुसरा इशारा. आणखी पाच मिनिटांनी तिसरा, आणि तिसऱ्याला पेपर कायमचा बंद. पेपरसाठी महिन्याभरापूर्वीच खोलीत वायरचं इंटरनेट घेतलं होतं. ब्लेसीनं दाराला आतून कडी घातली आणि बसली. पहिले चार प्रश्न तिला पाठ होते. पाचवा होता, रजिस्टरातला रकाना कोरा राहिला तर काय कराल, आणि ती मनातल्या मनात हसली.

आता आमच्याकडे एक रीत आहे. मंडळीतलं कुणी आजारी म्हणून उपासनेला आलं नाही, तर उपासना सुटल्यावर महिला मंडळ त्याच्या घरी जातं. हात ठेवून प्रार्थना करतं, एक गीत म्हणतं आणि चहा न घेता परत येतं. रीत चांगलीच आहे. साळवेंच्या दाराची कडी खिडकीतून हात घालून निघते हेही मंडळाला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. ब्लेसीला या दोन्ही गोष्टी माहीत होत्या, आणि ज्या पोरीनं कोल्ड रूममधला अर्धा अंश सोडला नसता तिनं नेमक्या याच विसराव्यात, याला काय म्हणायचं?

पावणेबाराला कडी निघाली. पुढे प्रेमाबाई, अडुसष्ट वर्षांच्या, मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केलेल्या. मागे पाळकबाई, आणखी पाच बायका आणि सगळ्यांच्या मागे, मान खाली घातलेली आई. आईनं गल्लीभर त्यांना वळवायचा प्रयत्न केला होता, पण खोटं एकदा चर्चमध्ये सांगितल्यावर पाळकबाईंसमोर ते फिरवायचं कसं?

प्रेमाबाईंनी लॅपटॉप बघितला आणि त्या जागीच हात जोडून उभ्या राहिल्या. लॉकडाऊनमध्ये उपासना लॅपटॉपवरच चालायची, आणि अजूनही आजारी माणसं कुठल्यातरी चर्चची उपासना तशीच बघतात. पोर तापानं फणफणलीय तरी उपासना सोडत नाही, असं त्या बायकांना म्हणाल्या. मग वाकून कॅमेऱ्यात तोंड घालून त्यांनी पलीकडच्या पाळकांना सलाम केला.

पहिला लाल इशारा आला.

ब्लेसीला बोलता येत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी जा, जा अशा खुणा केल्या. एका बाईनं तिला पाणी आणून दिलं. तिनं आईकडे बघितलं. आई फरशी बघत होती. बायका अर्धगोल करून उभ्या राहिल्या आणि गीत सुरू झालं. पहिलं कडवं सावकाश झालं. दुसऱ्याला दुसरा इशारा आला. ब्लेसी दात आवळून टाइप करत होती, कारण गीताची सहसा दोनच कडवी म्हणतात आणि त्या आता जातील असा तिचा हिशेब होता. तो बरोबरही होता. दुसरं कडवं संपलं, बायका चपलांकडे वळल्या. प्रेमाबाईंनी जाता जाता तिच्या कपाळावर हात ठेवला. जरा थांबल्या. डोळे मिटले. आणि एकट्यांनीच तिसरं कडवं उचललं. बायका परत फिरल्या.

तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला स्क्रीन पांढरी झाली. परीक्षा बंद करण्यात आली आहे, असं त्यावर लिहून आलं.

"निघा," ब्लेसी म्हणाली. "सगळ्या जणी माझ्या घरातून निघा."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बायकांनी तापाच्या खात्यात घातलं असतं. गीत तिथंच तुटलं आणि सात बायका चपला हातात घेऊनच गल्लीत उतरल्या.

विद्यापीठाच्या हेल्पलाइनवर तीन दिवसांनी एक माणूस सापडला. आवाजानं भला होता. म्हणाला, मॅडम, फॉर्म भरा, कारणात आजारपण निवडा, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, पंधरा दिवसांत पुन्हा पेपर देतात. सगळे हेच करतात. ब्लेसीनं फोन ठेवला. दौंडमध्ये असं सर्टिफिकेट मिळायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. शिवाय तिच्याकडे सात साक्षीदार होते, एकीनं तर कपाळाला हात लावला होता. ऑगस्टची जागा फॉर्मातल्या एका खुणेवर आली होती. कुणाचं नुकसान नव्हतं. कोरा रकाना होता, अक्षर बरं होतं.

ती फॉर्मसमोर बसली आणि तिला सगळ्यांचा राग आला. मशीनचा आला, त्याला गीत आणि कॉपी यातला फरक कळत नाही म्हणून. बायकांचा आला, आईचा आला. पेपर का गेला? बायका आल्या म्हणून. बायका का आल्या? मी आजारी म्हणून. आजारी का? तसं सांगितलं म्हणून. तसं का सांगितलं? साहेबांना कळू नये म्हणून. मग साहेबांना तोंडावर सांगायचं सोडून चर्चला का फसवलं? पाचव्या का-ला तिला मशीन दिसेना, बायका दिसेनात. खाली एकटी ती उरली, आणि मग तिला जो राग आला तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता.

तिनं कारणात 'इतर' निवडलं आणि लिहिलं: मी आजारी नव्हते. आजारी असल्याचं मी खोटं सांगितलं, म्हणून माणसं भेटायला आली. खाली नाव आणि तारीख घातली.

नवव्या दिवशी उत्तर आलं. विद्यार्थिनीनं स्वतः दिलेल्या कबुलीनुसार परीक्षा रद्द, पुढची संधी डिसेंबरात. ऑगस्टमध्ये क्यूए ऑफिसरच्या खुर्चीत साताऱ्याकडचा एक मुलगा येऊन बसला, पहिल्याच आठवड्यात जॉन्सन साहेबांबरोबर जेवू लागला. खऱ्याचं फळ गोड असतं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला कुरकुंभला पाठवा.

दोन महिने ब्लेसी चर्चला गेली नाही. गेली ती थेट साक्षीच्या वेळी. त्या वेळेला माणसं उठून देवानं काय चांगलं केलं ते सांगतात. ब्लेसी उठली आणि म्हणाली, "जूनमध्ये मला ताप नव्हता. मी परीक्षेला बसले होते. कंपनीत मला बघितलं नाही ते लिहायला सांगितलं, मी लिहिलं नाही, म्हणून मला पॅकिंगला टाकलं. ज्यांनी टाकलं त्यांना परीक्षेचं कळू नये म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही आलात आणि माझा पेपर गेला. मला तुमचा अजून राग आहे. माझाही आहे."

जॉन्सन साहेब थाळीतली नोट सरळ करत राहिले. पाळकांना आमेन म्हणावं की नाही ते कळेना. तेव्हा प्रेमाबाई उठल्या, आणि त्या ब्लेसीपेक्षा संतापलेल्या होत्या.

"ताप न्हाई हे मला हात ठेवल्याबरूबर कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्सं ताप बघितला म्या. कपाळ गार लागलं. मनात म्हनलं, ताप न्हाई तर पोरीला आतून कायतरी खातंय, आन् सांगायला कुनी न्हाई. म्हनून तिसरं कडवं घेतलं. न्हाईतर आमी चाललोच हुतो. खरं सांगितलं असतंस तर दारात मी बसले असते, पाळकालाबी आत सोडलं नसतं. दोन वर्सं आमच्यापासून लपीवलंस तू. आमी काय साहेबाची मान्सं हाओत?"

ब्लेसी जागेवर बसली. घरी आईनं जेवायला हाक मारली तेव्हा ती मोरीत तोंड धूत होती, जरा जास्तच वेळ.

डिसेंबरच्या पेपरच्या रविवारी तिला ड्यूटी लागलीच. हे कळल्यावर प्रेमाबाई जॉन्सन साहेबांच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या ते बाहेर आलं नाही. पण साहेब मिशनच्या दवाखान्यात त्यांच्याच हातावर जन्मलेले, आणि प्रेमाबाई त्यांना अजून जॉन्या म्हणतात. ड्यूटी बदलली.

त्या रविवारी साळवेंच्या पायरीवर प्रेमाबाई स्टूल टाकून बसल्या. नवरा वारला तो रविवार सोडला तर त्यांनी जन्मात उपासना चुकवली नव्हती. बाकीच्या बायका उपासना सुटल्यावर येऊन खाली फरशीवर बसल्या. क्रिकेटवाली पोरं नुसत्या बोटाच्या इशाऱ्यानं परत गेली. भाजीवाल्याला अर्ध्या गल्लीतून वळवलं. आत ब्लेसी लिहीत होती, आणि बाहेर सात बायका तोंडाला पदर लावून बसल्यात हे तिला प्रत्येक प्रश्नाला आठवत होतं.

एकला पाच मिनिटं असताना तिनं पेपर पाठवला आणि कडी काढली. बायकांनी माना वर केल्या.

"झाला का?" प्रेमाबाई म्हणाल्या.

"झाला."

"मग सरक दारातनं," प्रेमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तिसरं कडवं ऱ्हायलंय आमचं."